वायरीचा ‘रिमोट’ आणि मोकळ्या लहरी: जुन्या गेमयंत्रांच्या बिनतारी कंट्रोलरचा इतिहास

१९९० च्या दशकात भारतातील घरोघरी जे टीव्ही गेम आले, त्यांच्या हातात धरायच्या भागाला मुले ‘रिमोट’ म्हणत. खेळाच्या कार्ट्रिजला जसे ‘कॅसेट’ हे नाव पडले, तसेच हेही पडले. वस्तुतः तो रिमोट नव्हताच. तो एका वायरीने यंत्राला बांधलेला होता, आणि यंत्र बिघडण्याआधी बहुधा ती वायरच निकामी होई. सतत वाकून वाकून तिच्या आतील बारीक तांब्याची तार कंट्रोलरच्या मानेपाशी तुटे. मग डावे बटण चाले, उजवे चालत नसे; किंवा वायर एका विशिष्ट कोनात धरली तरच खेळ सुरू राही.

आज ती यंत्रे माळ्यावरून खाली येत आहेत. त्यांतील बहुतेकांचे मूळ कंट्रोलर बनवणे उत्पादकांनी केव्हाच थांबवले. ती पोकळी त्रयस्थ उत्पादकांनी भरून काढली असून त्यांची बरीचशी उत्पादने बिनतारी आहेत. बाजारात दिसायला सारखे असलेले अनेक पर्याय मिळतात. त्यांतील काही जुन्या यंत्राशी उत्तम जुळतात, काही अडखळतात, तर काही चुकीच्या जोडणीत घातल्यास यंत्रालाच धोका पोहोचवू शकतात. हा फरक कशामुळे पडतो, याचे उत्तर केवळ किमतीत किंवा नाममुद्रेत सापडत नाही. ते शोधण्यासाठी १९८३ सालच्या एका साध्या चिपपासून २००५ सालच्या भारतीय राजपत्रापर्यंतचा प्रवास पाहावा लागतो.

आठ प्रश्न, आठ उत्तरे

१५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये निन्टेन्डोचे फॅमिकॉम हे यंत्र विक्रीस आले. हेच यंत्र बाह्यरूप बदलून १९८५ मध्ये अमेरिकेत ‘निन्टेन्डो एन्टरटेनमेंट सिस्टिम’, म्हणजेच एनईएस, या नावाने दाखल झाले. त्याच्या कंट्रोलरवर आठ बटणे होती: चार दिशा, ए, बी, सिलेक्ट आणि स्टार्ट. प्रत्येक बटणासाठी स्वतंत्र तार ओढली असती, तर वायर जाड आणि महाग झाली असती. म्हणून कंट्रोलरमध्ये ४०२१ या क्रमांकाची एक स्वस्त, सर्वत्र मिळणारी चिप बसवण्यात आली. तिला शिफ्ट रजिस्टर म्हणतात.

तिचे काम शाळेतल्या हजेरीसारखे चालते. यंत्र प्रथम एका तारेवरून ‘थांबा’ असा संकेत देते. त्या क्षणी आठही बटणांची स्थिती चिपमध्ये एकदम टिपली जाते. त्यानंतर यंत्र दुसऱ्या तारेवरून एकामागून एक स्पंद पाठवते आणि प्रत्येक स्पंदाला तिसऱ्या तारेवरून एकेका बटणाचे उत्तर मिळते: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावे, उजवे. क्रम ठरलेला असतो. दाबलेले आहे की नाही, एवढेच उत्तर अपेक्षित असते. वीजपुरवठ्याच्या दोन तारा धरल्या, तर एकूण पाच तारांत हा सारा संवाद उरकतो. जपान आणि अमेरिकेत ही हजेरी साधारणतः सेकंदाला ६० वेळा, म्हणजे पडद्यावरील प्रत्येक चित्रचौकटीमागे एकदा, घेतली जाई.

या रचनेत एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. अमेरिकेत यंत्र आणताना निन्टेन्डोने कार्ट्रिजच्या जोडणीवर पहारा बसवला. यंत्रात एक आणि कार्ट्रिजमध्ये एक अशा दोन चिप परस्परांची ओळख पटवीत, आणि ती पटली नाही तर यंत्र स्वतःला पुन्हापुन्हा सुरू करीत राही. परवान्याशिवाय कोणी खेळ विकू नये, हा त्यामागचा हेतू होता. कंट्रोलरच्या जोडणीवर मात्र असा कोणताही पहारा नव्हता. समोरचा कंट्रोलर कोणी बनवला आहे, हे यंत्र विचारत नसे. ते केवळ आठ उत्तरांची वाट पाहत असे. ती योग्य क्रमाने आणि योग्य वेळी देणारी कोणतीही वस्तू त्याच्या दृष्टीने कंट्रोलरच होती. चाळीस वर्षांनंतर त्रयस्थ उत्पादकांना या यंत्रात प्रवेश मिळतो, तो याच उघड्या राहिलेल्या दारातून.

अधिकचिन्हाचे पेटंट

दार उघडे असले, तरी त्यातून येणाऱ्या वस्तूच्या आकारावर निर्बंध होता. निन्टेन्डोचे अभियंते गुनपेई योकोई यांनी १९८२ मध्ये ‘डाँकी काँग’ या हातातल्या छोट्या खेळासाठी अधिकचिन्हाच्या आकाराचे एकसंध बटण रचले. अंगठा न उचलता चारही दिशा देता येतील, आणि समोरासमोरच्या दोन दिशा एकाच वेळी दाबल्या जाणार नाहीत, ही त्याची खुबी होती. मधोमध असलेल्या टेकूवर ते झोके घेते. एक बाजू खाली गेली की विरुद्ध बाजू आपोआप वर येते.

या बटणाला १९८७ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. त्यामुळे इतर कंपन्यांना निराळे मार्ग शोधावे लागले. सेगाच्या कंट्रोलरवर गोलाकार तबकडीवरचे दिशाबटण दिसते. सोनीच्या प्लेस्टेशनवर चार दिशांचे चार भाग वरून सुटे दिसतात. जुन्या काळातील त्रयस्थ कंट्रोलरची दिशाबटणे हाताला ‘वेगळी’ लागत, त्यामागे अनेकदा केवळ निकृष्ट बनावट नसे. मूळ आकार वापरण्यास कायद्याची आडकाठीही असे. २००५ मध्ये त्या पेटंटची मुदत संपली आणि योकोईंचे अधिकचिन्ह सर्वांसाठी मोकळे झाले. त्याच वर्षी भारतात आणखी एक गोष्ट मोकळी झाली. तिच्याकडे वळण्याआधी ही यंत्रे भारतात कोणत्या रूपात आली, हे पाहणे आवश्यक आहे.

भारतातील यंत्रे आणि नऊ पिनांचा भ्रम

निन्टेन्डोचे यंत्र भारतात ‘समुराई’ या नावाने विकले गेले. परंतु बहुसंख्य घरांत पोहोचली ती त्याची स्वस्त प्रतिरूपे. ‘लिटल मास्टर’ हे त्यांतील एक परिचित नाव. तैवानच्या यूएमसी कंपनीने मूळ चिपशी सुसंगत अशा चिप बनवल्या होत्या आणि जगभरातील अशा असंख्य प्रतिरूपांचा गाभा त्याच चिप होत्या.

भारतीय दूरदर्शनने १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी रंगीत प्रक्षेपण सुरू केले, तेव्हा पाल ही पद्धत स्वीकारली. तिच्यात पडद्यावरील चित्र सेकंदाला ५० वेळा ताजे होते. त्यामुळे ५० हर्ट्‌झच्या देशांसाठी बनलेल्या प्रतिरूपांवर मूळ ६० हर्ट्‌झचे खेळ चालत. परंतु सुमारे एक षष्ठांश सावकाश. एका चौकटीचा काळ १६.७ ऐवजी २० मिलिसेकंद झाला. भारतातील एका संपूर्ण पिढीने मारिओला त्याच्या मूळ वेगापेक्षा किंचित मंद धावताना पाहिले आणि तोच त्याचा वेग मानला.

दुसरा फरक जोडणीचा होता. मूळ एनईएसची जोडणी सात पिनांची आणि खास आकाराची होती. अनेक प्रतिरूपांनी मात्र बाजारात सहज मिळणारी नऊ पिनांची जोडणी वापरली. हीच जोडणी १९७७ च्या अटारी २६०० वर होती आणि सेगाच्या मेगा ड्राइव्हवरही होती. तिन्ही यंत्रांचे प्लग एकमेकांत सहज बसतात. पण त्यांतील तारांचा अर्थ तिन्ही ठिकाणी वेगळा आहे. अटारीच्या जॉयस्टिकमध्ये चिपच नाही. पाच स्विच आणि त्यांच्या पाच स्वतंत्र तारा आहेत. मेगा ड्राइव्हच्या तीन बटणांच्या कंट्रोलरमध्ये दिशा आणि स्टार्ट धरून आठ संकेत सहा तारांवरून आळीपाळीने पाठवणारी निवड-चिप आहे. फॅमिकॉमच्या प्रतिरूपात त्याच नऊ पिनांवर शिफ्ट रजिस्टरची हजेरी चालते. एका यंत्रात जी पिन संकेतासाठी असते, तिच्यावर दुसऱ्यात पाच व्होल्टचा वीजपुरवठा असू शकतो. म्हणून प्लग बसला याचा अर्थ कंट्रोलर जुळला, असे समजणे धोक्याचे ठरते. भारतातील जुन्या यंत्रासाठी खरेदी करताना सर्वांत मोठी चूक इथेच होते.

वायर सोडण्याचे पहिले प्रयत्न

वायरीपासून सुटका हवी, ही इच्छा नवी नाही. अटारीने १९८३ मध्येच रेडिओलहरींवर चालणाऱ्या जॉयस्टिकची जोडी विक्रीस आणली. तिचा तळभाग बोजड होता. प्रक्षेपकाचे सुटे भाग आणि बॅटरी मावण्यासाठी त्या काळी तेवढी जागा लागे. शिवाय तेच वर्ष अमेरिकेतील गेमउद्योगाच्या प्रचंड घसरणीचे होते. कल्पना योग्य असूनही ती रुजली नाही.

यानंतरचा मार्ग टीव्हीच्या रिमोटने दाखवला. १९८९ मध्ये निन्टेन्डोने चार खेळाडूंसाठी ‘सॅटेलाइट’ नावाचे अवरक्त प्रकाशावर चालणारे साधन आणले. त्याच सुमारास त्रयस्थ उत्पादकांचेही अवरक्त कंट्रोलर बाजारात आले. अवरक्त किरण स्वस्त होते आणि त्यांना रेडिओचा परवाना लागत नसे. मात्र ते सरळ रेषेत जातात. मधून कोणी चालत गेले, हात थोडा खाली झुकला किंवा खिडकीतून ऊन आले, की संकेत हरवे. वाहिनी बदलताना अर्ध्या सेकंदाचा विलंब कोणाला जाणवत नाही. खड्ड्यावरून उडी मारताना एका चौकटीचा विलंबही जीव घेतो.

यावर समाधानकारक उत्तर मिळाले ते २००२ मध्ये. गेमक्यूब या यंत्रासाठी निन्टेन्डोने आणलेला ‘वेव्हबर्ड’ हा कंट्रोलर २.४ गिगाहर्ट्‌झच्या रेडिओलहरी वापरत असे. त्यावर १६ वाहिन्यांची एक चकती होती. शेजारच्या खोलीत दुसरा वेव्हबर्ड असेल, तर चकती फिरवून निराळी वाहिनी निवडायची. वीज वाचावी म्हणून कंपनाची मोटर त्यातून गाळली होती, आणि साध्या पेन्सिल सेलवर तो दीर्घकाळ चाले. तीन वर्षांनी एक्सबॉक्स ३६० आणि २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ व वी ही यंत्रे आली, तेव्हा बिनतारी कंट्रोलर हा अपवाद न राहता नियमच झाला. ही सारी साधने एकाच २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात का एकवटली, याचे उत्तर तंत्रज्ञानाइतकेच कायद्यातही आहे.

लहरी कोणाच्या?

कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये १८९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बोस यांनी मिलिमीटर तरंगलांबीच्या लहरी भिंतींपार पाठवून दूरवरची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. वायर नसताना एका खोलीतून दुसऱ्या खोलीतील वस्तूवर हुकूम चालवण्याचे ते जगातील आरंभीचे प्रात्यक्षिक होते. परंतु ज्या देशात ते घडले, तेथील कायद्याची दिशा उलट होती. १८८५ च्या तार अधिनियमाने संदेशवहनाचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला होता. १९३३ च्या बिनतारी तार अधिनियमाने तर परवान्याशिवाय बिनतारी साधन जवळ बाळगण्यावरही बंदी घातली. रेडिओसंचासाठी टपाल कार्यालयात जाऊन दरवर्षी शुल्क भरण्याची प्रथा त्यातूनच आली, आणि ती १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकली.

जगात अन्यत्र एका दुर्लक्षित कोपऱ्यात निराळी व्यवस्था आकार घेत होती. अटलांटिक सिटी येथील १९४७ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेने औद्योगिक, वैज्ञानिक आणि वैद्यकीय साधनांसाठी काही पट्टे बाजूला काढले. या साधनांना संदेश पाठवायचा नसतो. ती उष्णता वा अन्य कामासाठी लहरी निर्माण करतात आणि आसपास गोंगाट करतात. मायक्रोवेव्ह भट्टीचा २.४५ गिगाहर्ट्‌झ त्याच परिवारातला. संदेशवहनाच्या दृष्टीने ही पडीक जमीन होती. मे १९८५ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने या पडीक जमिनीत विस्तारित वर्णपटाच्या तंत्राने, कमी शक्तीच्या साधनांनी, परवान्याविना संदेशवहन करण्यास मुभा दिली. गोंगाट टाळण्यासाठी संदेश एका वारंवारतेवरून दुसरीवर उड्या मारीत न्यायचा, ही त्यातील एक युक्ती. अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी १९४२ मध्ये पाणतीराच्या नियंत्रणासाठी याच प्रकारच्या कल्पनेचे पेटंट मिळवले होते. पुढे वाय-फाय आणि ब्लूटूथ या दोहोंना घर मिळाले ते याच पट्ट्यात. मूळचे ब्लूटूथ ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १,६०० वेळा जागा बदलते.

भारतात लहरींच्या मालकीचा प्रश्न ऐरणीवर आणला तो क्रिकेटने. १९९३ च्या हिरो कपच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये निकाल दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा सहभाग असलेल्या खंडपीठाने लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे आणि तिचा वापर लोकहितासाठी नियंत्रित व्हावा असे तत्त्व मांडले. तो निकाल प्रक्षेपणाविषयी होता, छोट्या साधनांविषयी नव्हता. मात्र लहरी म्हणजे केवळ सरकारी मक्तेदारी ही जुनी धारणा त्याने हलवली.

जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने नियम प्रसिद्ध करून २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील कमी शक्तीच्या साधनांना परवान्यातून सूट दिली. अटी दोन होत्या: अशा साधनाने इतरांना अडथळा आणू नये, आणि इतरांकडून येणाऱ्या अडथळ्याविरुद्ध संरक्षण मागू नये. तेव्हापासून भारतात वाय-फाय राउटर, बिनतारी माउस, ब्लूटूथ हेडफोन आणि बिनतारी गेमकंट्रोलर यांना प्रत्येकी परवाना काढावा लागत नाही. साधनाचा नमुना मात्र केंद्राच्या बिनतारी नियोजन विभागाच्या मान्यतेतून जावा लागतो. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने १८८५ आणि १९३३ चे ते दोन्ही कायदे मागे सारण्याची तरतूद केली. पेटंटची मुदत आणि लहरींचा परवाना, दोन्ही २००५ मध्ये सुटले, हा योगायोगच. पण छोट्या उत्पादकाच्या दृष्टीने दोन कुलपे एकाच वर्षी उघडली.

विलंबाचे गणित

उघड्या पट्ट्याची किंमतही असते. त्या गर्दीत संकेत कधी आदळतात, हरवतात, पुन्हा पाठवावे लागतात. प्रश्न असा की, त्यामुळे खेळ किती बिघडतो?

वायरीचा कंट्रोलरही तात्काळ नसतो. यंत्र चौकटीमागे एकदाच हजेरी घेत असल्याने बटण दाबल्यावर पुढची हजेरी येईपर्यंत थांबावे लागते. ६० हर्ट्‌झवर सरासरी ८ मिलिसेकंद, ५० हर्ट्‌झवर १०. बिनतारी दुव्याने यात ५ मिलिसेकंदांची भर घातली, असे समजू. मग जे दाब हजेरीच्या आधीच्या ५ मिलिसेकंदांत पडतील, ते त्या हजेरीला चुकतील आणि पूर्ण एक चौकट उशिरा पोहोचतील. ६० हर्ट्‌झवर अशा दाबांचे प्रमाण ५ भागिले १६.७, म्हणजे शंभरात ३०. ५० हर्ट्‌झवर ५ भागिले २०, म्हणजे शंभरात २५. बाकीच्या ७० किंवा ७५ दाबांना काहीही फरक पडत नाही. हेच गणित १ मिलिसेकंदाच्या दुव्यासाठी केले, तर उशिरा पोहोचणारे दाब शंभरात ५-६ उरतात.

या हिशेबातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली म्हणजे, खेळाडूला त्रास देतो तो सरासरी विलंबापेक्षा त्यातील चढउतार. माणसाला दिसलेल्या गोष्टीवर प्रतिक्रिया देण्यास २०० मिलिसेकंदांहून अधिक काळ लागतो. पण सरावलेला खेळाडू खड्डा येण्याआधीच उडीची वेळ मनात धरून असतो. विलंब दर वेळी सारखा असेल, तर हात तो आपोआप भरून काढतो. कधी दोन आणि कधी वीस मिलिसेकंद असा लहरी असेल, तर सरावही कामी येत नाही. दुसरी गोष्ट अशी की, दोषाचा धनी अनेकदा कंट्रोलर नसतो. जुन्या काचनळीच्या टीव्हीवर चित्र जवळपास तत्क्षणी उमटे. आजचे सपाट टीव्ही चित्रावर प्रक्रिया करताना ३०-४० मिलिसेकंद सहज घेतात. टीव्हीतील ‘गेम मोड’ सुरू करण्याने जेवढा विलंब वाचतो, तेवढा महागडा कंट्रोलर घेऊनही वाचेलच असे नाही.

ब्लूटूथच्या कमी ऊर्जेच्या प्रकारात दोन भेटींमधील मूळ प्रमाणातील किमान अंतर ७.५ मिलिसेकंद आहे. स्वतःचा खास रिसीव्हर सोबत देणारे कंट्रोलर हे बंधन न पाळता अधिक वेगाने संकेत पाठवू शकतात. म्हणून वेगवान खेळांसाठी खास रिसीव्हरचा पर्याय, तर अनेक यंत्रांवर एकच कंट्रोलर वापरायचा असल्यास ब्लूटूथचा पर्याय, अशी साधारण विभागणी करता येते.

इतिहासातून निवडीकडे

नोव्हेंबर २०१६ मध्ये निन्टेन्डोने आपल्या जुन्या यंत्राची छोटी आवृत्ती पुन्हा बाजारात आणली, तेव्हा तिच्या कंट्रोलरची वायर जेमतेम पाऊण मीटरची होती. या तोकड्या वायरीने बिनतारी पर्यायांच्या मागणीला मोठी चालना दिली. शेनझेनच्या एटबिटडो या कंपनीने जुन्या एनईएसच्या मूळ सात पिनांच्या जोडणीत बसणारा ब्लूटूथ रिसीव्हरही आणला. पुढे काही उत्पादकांनी सेगाच्या अधिकृत परवान्याने मेगा ड्राइव्हच्या धाटणीचे बिनतारी कंट्रोलर काढले. आजच्या ग्राहकासमोरची निवड वरील इतिहासाच्या आधारे पाच कसोट्यांवर पारखता येते.

पहिली कसोटी जोडणीची. रिसीव्हर नेमक्या कोणत्या यंत्रासाठी आहे, हे पाहावे. केवळ पिनांची संख्या पाहून चालत नाही. नऊ पिनांच्या भारतीय प्रतिरूपात मेगा ड्राइव्हचा रिसीव्हर घालू नये. व्होल्टताही तपासावी: एनईएसचा संवाद ५ व्होल्टवर चालतो, तर निन्टेन्डो ६४ चा ३.३ व्होल्टवर, एकाच माहितीतारेवरून.

दुसरी कसोटी संवादातील बारकाव्यांची. एनईएसमध्ये ध्वनीचे नमुने वाजत असताना एक हार्डवेअरदोष कधीकधी हजेरीत एक जादा स्पंद घुसवतो. यावर उपाय म्हणून अनेक खेळ एकाच चौकटीत दोनदा हजेरी घेतात आणि दोन्ही उत्तरे जुळली तरच ती ग्राह्य धरतात. चौकटीमागे एकच हजेरी होईल, असे गृहीत धरणारा रिसीव्हर इथे अडखळतो. मेगा ड्राइव्हचा १९९३ चा सहा बटणांचा कंट्रोलर काही आधीच्या खेळांना गोंधळात टाकी. म्हणून त्यावर ‘मोड’ हे बटण होते, आणि ते दाबून यंत्र सुरू केल्यास तो तीन बटणांचा होई. चांगला त्रयस्थ कंट्रोलर ही सोयही जपतो.

तिसरी कसोटी दांड्याची. निन्टेन्डो ६४ च्या मूळ दांड्याची मोजणी मध्यापासून प्रत्येक दिशेला साधारण ८० एककांपर्यंत जाई आणि खेळ त्याच पल्ल्यावर बेतलेले होते. त्यापलीकडे आकडे पाठवणाऱ्या नव्या दांड्याने पात्र हलक्याशा स्पर्शालाही धावत सुटते. पल्ला जुळवण्याची सोय आहे का, हे आधी पाहावे.

चौथी कसोटी बॅटरीची. जुन्या वेव्हबर्डमध्ये आजही नवे पेन्सिल सेल घालता येतात. आतमध्ये बंद केलेली लिथियम बॅटरी मात्र काही वर्षांत क्षीण होते. ती बदलता येते की नाही, यावर कंट्रोलरचे आयुष्य ठरते. पाचवी कसोटी अवलंबित्वाची. खास रिसीव्हर हरवला, तर सुटा मिळतो का? आतील आज्ञावली सुधारून घेता येते का? तो वायर लावूनही चालतो का?

उघडे दार राखणारे

या पाचव्या कसोटीतून एक मोठा प्रश्न पुढे येतो. आज विकला जाणारा बिनतारी कंट्रोलर हीदेखील एक बंद पेटीच असते. मूळ उत्पादकाने यंत्राला वाऱ्यावर सोडले, तसे उद्या त्रयस्थ उत्पादकानेही सोडले, तर ग्राहक पुन्हा त्याच जागी येतो. फरक एवढाच की तुटलेली वायर डाग देऊन जोडता येते, पण बंद पडलेला रेडिओदुवा घरी दुरुस्त करणे कठीण असते.

म्हणूनच खुल्या प्रकल्पांना महत्त्व आहे. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीच्या ईएसपी३२ या चिपमध्ये ब्लूटूथचे जुने आणि कमी ऊर्जेचे असे दोन्ही प्रकार एकत्र आले. महाविद्यालयीन प्रकल्पांमुळे भारतातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ती चांगलीच परिचित आहे. तिच्यावर आधारलेल्या ब्लूरेट्रो या मुक्तस्रोत प्रकल्पाची आज्ञावली कोणालाही वाचता, तपासता आणि बदलता येते. आजचा कोणताही ब्लूटूथ कंट्रोलर आणि १९८० च्या दशकातील यंत्र यांच्यामध्ये ती दुभाष्याचे काम करते. उद्या तिचे मूळ निर्माते थांबले, तरी तिच्या आधारे दुसरे कोणी पुढे जाऊ शकेल.

जुने यंत्र टिकवणे म्हणजे केवळ स्मरणरंजन नव्हे. भारतातील ५० हर्ट्‌झची ही प्रतिरूपे, त्यांच्या नऊ पिनांच्या जोडण्या आणि मंदावलेले खेळ हा आपल्या इलेक्ट्रॉनिक इतिहासाचा एक तुकडा आहे. त्याची नोंद फारशी कोणी ठेवली नाही, आणि यंत्र चालू असेल तरच तो समजून घेता येतो. चालू ठेवण्यासाठी प्रथम हवा तो कंट्रोलर. निवड करण्यापूर्वी एक साधे काम घरीच करता येते. यंत्राचा वीजपुरवठा बंद करून जुन्या ‘रिमोट’चे स्क्रू काढावेत आणि आत किती तारा आहेत ते मोजावे. पाच तारा, त्यांच्या शेवटी ४०२१ किंवा काळ्या लाखेसारख्या थेंबाखाली झाकलेली चिप आढळली, तर ते बहुधा फॅमिकॉमच्या घराण्यातील यंत्र आहे, आणि त्याच घराण्यासाठी बनलेला रिसीव्हर शोधायला हवा. कदाचित असेही दिसेल की, एकच तार मानेपाशी तुटली आहे आणि एका डागाने ती जोडली जाईल. तसे असेल, तर सर्वांत कमी विलंबाचा आणि कधीही चार्ज न करावा लागणारा कंट्रोलर घरातच आहे.